फोर्ड एफ-१०० (१९६५): दोन्ही काटे टोकाला जाऊन बसतात, हीटरची मोटार जाम, मूळचेच भाग वाचवायचे आहेत

डुलुथकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, आता मिनेसोटात डुलुथला असतो. माझ्याकडे १९६५ ची फोर्ड एफ-१०० आहे. सहा सिलिंडर, बारा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेली). बरीच वर्षं एका शेतकऱ्याच्या कोठारात उभी होती. इंजिन, ब्रेक, टायर मार्गी लागले. मागच्या उन्हाळ्यात केबिनचा पत्रा आतून-बाहेरून रंगवून घेतला, डॅशबोर्डही त्यातच झाला. आता दोन ठिकाणी घोडं अडलंय.

पहिलं म्हणजे मीटर. चावी फिरवली की पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा, दोन्ही काटे सावकाश चढतात आणि शेवटच्या रेघेच्याही पुढे जाऊन टेकतात. टाकीत तळाला पेट्रोल आहे, इंजिन थंडगार आहे, तरीही. आत काही जळेल या भीतीने मी लगेच चावी बंद करतो.

दुसरं, हीटरची मोटार. बटण दाबलं की घूं असा आवाज येतो, पंखा हलत नाही, वायर गरम होते आणि करपल्याचा वास येतो. बोटाने पंखा ढकलला तर किंचाळत थोडा फिरतो नि थांबतो. पेटीत उंदरांनी घरटं केलेलं दिसतंय, त्याला अजून हात लावलेला नाही.

इथल्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, हे सगळं उपटून टाका, बाजारात मिळणारा चार मीटरचा नवा सेट बसवा आणि मोटारही नवी घ्या. मला ते करायचं नाही. त्या डायलवरची बारीक अक्षरं, तो संथ चढणारा काटा, हे सगळं गेलं तर या गाडीत बसून मी बघायचं तरी काय? आणि हीटर ही इथे चैनीची गोष्ट नाही. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो आणि काचेवर आतून बर्फ धरतो. मूळचेच भाग दुरुस्त होतील का? सुरुवात कुठून करू?

---

उद्यमनगर ऑटोइलेक्ट्रिक

राम राम दादा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. जुन्या जीपांचे मीटर आणि मोटारी, यातच हयात चाललीय. तुमची एफ-१०० मी उघडलेली नाही, पण त्या काळातले तापणाऱ्या पट्टीवर चालणारे मीटर कैक उघडलेत. काही फेकू नका. आधी हे वाचा.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा: डॅशबोर्ड रंगवला.

दोन मीटर, दोन सेंडर (टाकीत आणि इंजिनवर बसणारे, माप मीटरला कळवणारे भाग), दोन वायरी. यातलं काही बिघडलं तर एक काटा चुकेल. दोन्ही एकाच वेळी, एकाच बाजूला पळाले की दोघांत जे सामाईक आहे तिकडे बघायचं. सामाईक आहे ती क्लस्टरच्या, म्हणजे सगळे मीटर बसवलेल्या चौकटीच्या, पाठीला बसवलेली पत्र्याची छोटी डबी, म्हणजे मीटरचा व्होल्टेज रेग्युलेटर. अल्टरनेटरचा रेग्युलेटर वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. या डबीत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली आणि टोकाला कॉन्टॅक्ट पॉइंट. करंट आला की तार तापते, पट्टी वाकते, पॉइंट सुटतो. निवली की पुन्हा टेकते. अशी उघडझाप सतत चालते आणि पुढे मीटरला सरासरी पाच व्होल्ट जातात. आता मुद्दा असा की, त्या तारेचं दुसरं टोक डबीच्या अंगालाच जोडलेलं असतं. डबीला अर्थ मिळाली नाही तर तार तापत नाही, पॉइंट सुटतच नाही आणि मीटरला अख्खे बारा व्होल्ट जातात. काटे टोकाला जाणारच.

डबीला अर्थ मिळते क्लस्टरच्या पत्र्यातून, क्लस्टरला डॅशच्या पत्र्यातून, स्क्रूंच्या मार्फत. मध्ये नव्या रंगाचा जाड थर आला की वाट बंद. रंगारी चांगला असला की हा त्रास जास्त होतो, कारण तो कोपरे, भोकं, मागची बाजू, काहीच सोडत नाही.

नवा रंग खरवडायची गरज नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, क्लस्टर बाहेर घ्या. त्याच्या पत्र्याला एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल लावून काळी वायर काढा आणि डॅशखाली जिथे लख्ख उघडा पत्रा मिळेल तिथे बोल्टने घट्ट करा. डबीच्या बुडाशी गंज असेल तर तोही घासून काढा. इंजिनपासून केबिनला जाणारी अर्थपट्टीही बघून घ्या, रंगकामात ती काढून ठेवतात आणि परत लावायची राहून जाते.

मग बॅटरी जोडून डबीच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लावा. लुकलुकला तर डबी जिवंत. एकसारखा जळत राहिला तर अर्थ अजून नाही, नाहीतर आतले पॉइंट चिकटलेत. अजिबात लागला नाही तर आधी इनपुटला बारा व्होल्ट येतात का बघा. डिजिटल मीटरवर आकडे नुसते उड्या मारतील, त्यावरून काही ठरवू नका. सुईवाला जुना मल्टिमीटर असेल तर उत्तम.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मीटर चालतं का हे बघायला बॅटरीची वायर सरळ मीटरच्या खिळ्याला लावू नका. माझ्याकडे येणारी निम्मी मेलेली मीटरं या तपासणीनेच मेलेली असतात. आतली तार केसासारखी बारीक असते, ती पाच व्होल्टसाठी बनवलेली आहे.

मोटारीचं सविस्तर संध्याकाळी लिहितो, समोर गिऱ्हाईक उभं आहे. तोपर्यंत हीटरचं बटण दाबू नका. जाम मोटार फिरत नाही तेव्हा करंट सगळ्यात जास्त ओढते, आर्मेचरची, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या, तार गुंडाळलेल्या भागाची वार्निश जळते आणि मग वाचवायला काही उरत नाही.

---

मिशिगनवासी

वरचं निदान मला शंभर टक्के पटलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. आमच्याकडे यजमानांची जुनी जीप सीजे-५ आहे, तिच्यात हा रेग्युलेटर पेट्रोलच्या मीटरच्या पोटातच असतो. तुमचा वेगळा आहे, म्हणजे बदलणं सोपं.

डबी अगदीच गेलेली निघाली तर आत ७८०५ ही पाच व्होल्टची आयसी, म्हणजे छोटी इलेक्ट्रॉनिक चिप, बसवता येते. डबी उघडून जुनी पट्टी काढायची, आयसी आत बसवायची, वरून मूळचंच झाकण. बाहेरून काही कळत नाही. या आयसीचा धातूचा पंख आतून अर्थलाच जोडलेला असतो, त्यामुळे तो डबीच्या पत्र्याला सरळ स्क्रूने कसता येतो आणि तोच पत्रा उष्णता बाहेर नेतो. उष्णता लक्षात घ्यावीच लागते. या मीटरचा स्वतःचा रोध साधारण दहा ते चौदा ओम असतो. काटा फुल्लवर असताना सेंडरचे दहाएक ओम धरले तर एका मीटरला पाव अँपिअरच्या आत करंट लागतो. दोन मीटर धरा, गाडी चालू असताना चौदा व्होल्ट धरा, तर आयसीवर चार वॉटच्या आसपास जळतात. मोकळी लोंबकळती ठेवली तर ती तापून स्वतःला बंद करेल. इनपुट आणि आउटपुटला एकेक कपॅसिटरही लावा.

मीटर तपासायचं असेल तर टाकीपाशी जायची गरज नाही. टाकीकडून येणारी वायर क्लस्टरपाशी काढा आणि तिच्या जागी मीटरच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत रेझिस्टर लावा. त्या काळातल्या फोर्डचं गणित ठरलेलं आहे: ७३ ओमला काटा रिकाम्यावर, १० ओमला भरलेल्यावर. ७३ चा रेझिस्टर दुकानात मिळत नाही, ६८ आणि ४.७ असे दोन एकापुढे एक जोडा. दोन वॉटचे घ्या. काटा स्थिर व्हायला अर्धं-एक मिनिट द्या. हे मीटर मुळातच संथ आहे, कारण त्यातही पट्टी तापूनच काटा हलतो. खड्ड्यात पेट्रोल डचमळलं तरी काटा नाचत नाही, तो याच संथपणामुळे. तुम्हाला हा काटा आवडतो हे वाचून फार बरं वाटलं.

रेझिस्टर लावूनही काटा थोडा इकडे-तिकडे राहिला तर मीटरच्या पाठीला दोन छोट्या खाचा दिसतील. एक रिकाम्याची, एक भरलेल्याची. बारीक स्क्रू ड्रायव्हरने अगदी किंचित सरकवायच्या. एक हलवली की दुसरीवर परिणाम होतो, त्यामुळे आलटून पालटून करावं लागतं. तुमचे काटे बारा व्होल्टवर टोकाला गेलेत, तेव्हा पट्टी थोडी हटून बसली असण्याची शक्यता आहे. हे करावं लागेल असं धरूनच चाला. डायलला मात्र कुठलंही सॉल्व्हंट लावू नका, अक्षरं पुसली जातील. मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे.

आता उंदरांचं. याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून जरा ठासून लिहिते. मिनेसोटात हरीण-उंदीर सर्रास आहेत आणि त्यांच्या लेंड्या-मुतातून हंताव्हायरस पसरतो. दुर्मीळ आहे, पण फुप्फुसावर जातो आणि जिवावर बेततो. ते घरटं कोरडं झाडू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, व्हॅक्यूमही नको. गाडीची दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. हातमोजे घाला, एन-९५ मास्क लावा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारून पाचेक मिनिटं भिजू द्या आणि मग कागदी रुमालाने उचलून पिशवीत बांधा. हे मोटार बाहेर काढायच्या आधी करा. आणि घरटं पेटीत असताना पंखा चालवून बघायचा मोह अजिबात नको, सगळं तुमच्याच तोंडावर येईल.

---

उद्यमनगर ऑटोइलेक्ट्रिक

ताईंनी उंदराचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. आमच्याकडे लेप्टोची भीती असते, पण हे माहीत नव्हतं.

आता मोटार. तुमच्या वर्णनावरून वायंडिंग शाबूत वाटतंय, कारण ढकलल्यावर फिरते. किंचाळणं हा सुकलेल्या बुशचा आवाज. या मोटारींत बॉल बेअरिंग नसतं, दोन्ही टोकांना पितळी रंगाचे बुश असतात, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या. ते भरीव नसतात, कांस्याची भुकटी दाबून बनवलेले असतात, अंगभर बारीक छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. भोवती नमद्याची चकती असते, ती तेल पुरवत राहते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तेलाचा चिकट डिंक होतो आणि शाफ्ट त्यात धरला जातो. अशा बुशवर लोक गंज सोडवणारा स्प्रे मारतात. मोटार त्या दिवशी छान फिरते, कारण स्प्रेने डिंक विरघळतो. पण उरलंसुरलं तेलही धुऊन जातं आणि पंधरवड्यात बुश शाफ्टला खाऊन टाकतो. शाफ्टला खड्डा पडला की मग खरंच मोटार गेली.

पंखा काढताना त्याच्या पाकळ्यांना धरून ओढू नका. आतला स्क्रू किंवा क्लिप सोडवा, शाफ्टवर थेंबभर तेल सोडा, जरा वेळ द्या, मग हळूहळू. पाकळी वाकली की पंखा तोल सोडतो आणि मेहनतीने केलेला बुश हादऱ्यांनी जातो. मोटारीच्या टोपीवर आणि अंगावर आरपार एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. लांब बोल्ट असतील तर सोडवा. टोपी धरणाऱ्या पत्र्याच्या दुमडलेल्या पाकळ्या असतील तर पक्कडीने नाही, चपट्या पट्टीने सावकाश उचला, दुसऱ्यांदा दुमडताना त्या तुटतात. शाफ्टवरच्या फायबरच्या चकत्या कुठल्या क्रमाने निघाल्या त्याचा फोटो काढा. तो क्रम चुकला की आर्मेचर पुढेमागे सरकतं आणि आर्मेचरला करंट देणारा कार्बन वेडावाकडा घासतो.

आत लोहचुंबक आहेत की फील्ड कॉइल (चुंबकाचं काम करणारी तारेची गुंडाळी), ते उघडल्यावर कळेल. चुंबक असतील तर अंगावर हातोडी नको, ते काचेसारखे तडकतात. आणि जोडताना प्लस-मायनस लक्षात ठेवा. चुंबकवाली उलटी जोडली तर उलटी फिरते, पंखा तरीही थोडी हवा देतो, आणि माणूस म्हणत बसतो की हीटर कमजोर आहे. फील्ड कॉइलवाल्या मोटारीत दोन वायरी अदलाबदल करून दिशा बदलत नाही.

कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो आर्मेचरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळा असेल. त्याला एमरी पेपर लावू नका, त्याचे कण खाचांत अडकतात. बारीक वाळूचा पॉलिश पेपर घ्या, आर्मेचर फिरवत हलक्या हाताने तांबं उजळवा. मग दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचा दाताच्या ब्रशने आणि टोकदार लाकडाने साफ करा. पट्टी ते पट्टी ओम मोजा, शेजारच्या सगळ्या जोड्या जवळपास सारख्या यायला हव्यात. पट्टी ते शाफ्ट काहीच दाखवायला नको. दाखवलं तर आर्मेचर बॉडी झालंय, म्हणजे आतली तार शाफ्टच्या लोखंडाला लागलीय. शंका आली तर जवळपास कुणी मोटार रिवायंडिंगवाला असेल त्याच्याकडे ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) ठेवून बघा. शॉर्ट असला की आर्मेचरवर धरलेलं हॅक्सॉचं पातं थरथरतं, लपत नाही. कार्बन आखूड झाले असतील तर जरा मोठ्या मापाचे घेऊन घासून बसवता येतात, पण स्प्रिंगचा दाब तेवढाच राहायला हवा.

बुश टोपीतून काढू नका. तो स्प्रिंगच्या पकडीत गोलसर बसलेला असतो आणि स्वतःच शाफ्टच्या रेषेत येतो. ठोकून काढला की तसा परत बसत नाही. जुना डिंक थिनरच्या कापसाने पुसा, दोन-तीनदा, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. मग टर्बाइन ऑइल घ्या, किंवा डिटर्जंट नसलेलं २० नंबरचं. टोपीवर वायरी-कार्बन नसतील तर ती तेलात बुडवा आणि तेलाचं भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा. उघड्या ज्योतीवर नाही. तापल्यावर बुशच्या अंगातून बारीक बुडबुडे यायला लागतात, ती छिद्रांतली हवा. बुडबुडे थांबले की तेलातच निवू द्या. निवताना ती छिद्रं तेल आत ओढून घेतात, खरं काम तेव्हाच होतं. घाई करून गरम असतानाच बाहेर काढली तर तेल मुरत नाही. ज्या टोपीवर कार्बन आहेत तिथे बुडवायचं नाही. हेअर ड्रायरने बुश तापवा आणि नमद्यावर थेंब थेंब सोडत राहा. ग्रीस मात्र कुठेही नको, तुमच्या थंडीत ते मेणासारखं होईल.

जोडल्यावर टेबलावर दहा अँपिअरचा फ्यूज लावून चालवा. सुरुवातीला थोडं थोडं. मोटार हाताला कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर परत उघडा. वायरी कापडी असतील आणि मोडत असतील तर आताच बदला.

---

लेस्टरचा सिरीज-३

मी इंग्लंडमध्ये, माझी लँड रोव्हर सिरीज-३. अर्थचा मुद्दा इथेही जसाच्या तसा लागू आहे. फक्त इथून पार्ट मागवणाऱ्यांसाठी एक सूचना: ब्रिटिश स्मिथ्स मीटरचा स्टॅबिलायझर, म्हणजे तीच रेग्युलेटरची डबी, दहा व्होल्टचा असतो, पाचचा नाही. दिसायला सारखाच. तो फोर्डला लावला तर काटे पुन्हा टोकाला जातील.

---

डुलुथकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कामाला लागलो आणि आता सविस्तर सांगतो.

क्लस्टर काढला. स्क्रूंच्या भोकांत आणि मागच्या काठावर रंग काचेसारखा गुळगुळीत बसलेला होता. मल्टिमीटर लावला तर क्लस्टर ते बॉडी जोडणीच नाही. काळी वायर टाकली, टेस्ट लॅम्प लावला आणि तो लुकलुकायला लागला. साठ वर्षांची डबी, अजून टकटक करतेय! चावी फिरवली, तापमानाचा काटा थंडच्या जागी थांबला, पेट्रोलचा थोडा वर चढून टेकला. मग ताईंच्या सांगण्याप्रमाणे रेझिस्टर लावले. १० ला बरोबर फुल्लवर, ७३ ला मात्र रिकाम्याच्या जरा वर. मागच्या खाचेने ते जुळवलं, मग दुसरी, मग परत पहिली. आता दोन्ही टोकं रेघेवर येतात.

घरटं मास्क घालून ब्लीचने भिजवून काढलं. पेटीभर गवत आणि सीटचा कापूस निघाला. मोटारीत फील्ड कॉइल निघाली, चुंबक नाहीत. कम्युटेटर उजळला, पट्ट्यांची मापं सारखी आली. मागच्या टोपीचा बुश गरम तेलात ठेवला तेव्हा ते बुडबुडे बघत मी नुसता बसून राहिलो. आता पंखा बोटाने टिचकी मारली की फिरत राहतो, आवाज फक्त हवेचा. टेबलावर हाताला कोमट लागते.

गाडीत बसवल्यावर एक नवीन प्रश्न: पंखा हाय स्पीडवर जोरात चालतो, लो स्पीडवर काहीच नाही. मोटार परत बघू का?

---

उद्यमनगर ऑटोइलेक्ट्रिक

वाचून लई समाधान वाटलं दादा. मोटारीला हात लावू नका, तिचं काम झालंय. हायवर सप्लाय सरळ जातो, लोवर एका तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे रेझिस्टरमधून जातो. जाम मोटारीने एवढे दिवस जादा करंट ओढला, त्यात ते वेटोळं तुटलं असणार. हीटरच्या पेटीला दोन स्क्रूंनी बसवलेली चिनीमातीची किंवा फायबरची पट्टी शोधा, तारेचं वेटोळं पेटीच्या आत असेल.

आधी त्याच्या टर्मिनलवरचा गंज काढून ओम मोजा. तार टोकाशी तुटली असेल तर कथलाचा डाग देऊ नका, ती तापते तेव्हा कथील वितळून निसटेल. तांब्याच्या नळीत घालून दाबून जोडा, किंवा तेवढ्याच ओमचं आणि वॉटचं नवं घ्या. आणि बसवताना ते परत पंख्याच्या वाऱ्यातच बसवा. सोयीचं पडतं म्हणून डॅशमागे लावलेली मी पाहिलीत. वारा लागला नाही की ते वेटोळं लालबुंद होतं आणि शेजारची वायरिंग पेटते.

हे झाल्यावर लोवर चालू ठेवून एकदा स्विचच्या पाठीला हात लावून बघा. स्विच गरम लागला तर त्याचेही कॉन्टॅक्ट साफ करावे लागतील. फोटो टाका, मग सांगतो कसा उघडायचा.